कारखान्यात प्रीतीचे काय काम?

आपल्याकडे कोणत्याही कारखान्याची चॉकलेटची वडी हाती दिली तरी लहान मूल तिला 'कॅडबरी'च म्हणते, आणि ठाण्यात तर या नावाचा एक चौकच होऊन बसला आहे. हे नाव ज्या घराण्याचे ते इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरचे क्वेकर पंथाचे घराणे होते, आणि ख्रिस्ताने सांगितलेली प्रीती ही केवळ रविवारच्या उपासनेपुरती नसून दुकानाच्या गल्ल्यापाशीही तिचा अंमल चालला पाहिजे, असा त्या घराण्याचा आग्रह होता, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. व्यापारात प्रीतीचे काय काम, असे म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांस उत्तर देण्यास हे उदाहरण जितके उपयोगी, तितकेच प्रीतीची फाजील स्तुती करणारांचे डोळे उघडण्यासही ते उपयोगी आहे. म्हणून आज त्याचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

क्वेकर लोक शपथ घेत नसत व राजमान्य चर्चला जुमानीत नसत, त्यामुळे ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांची दारे त्यांस फार काळ बंद राहिली, आणि हुशार तरुण साहजिकच व्यापाराकडे वळले. घासाघीस न करिता एकच भाव सांगणे ही त्यांची जुनी रीत. दिवाळे काढणाऱ्यास पंथाची सभा जाब विचारी. जॉर्ज व रिचर्ड या कॅडबरी बंधूंनी 1879 मध्ये आपला कारखाना शहराच्या धुरातून उचलून बॉर्नव्हिल येथे मोकळ्या माळावर नेला. पुढे 1895 पासून जॉर्ज कॅडबरीने तेथे बागेसह घरे बांधण्यास आरंभ केला, आणि ती केवळ आपल्याच कामगारांसाठी राखून ठेविली नाहीत, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. 1900 मध्ये 330 एकर जमीन व तीनशेंवर घरे त्याने एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली. ती स्वतःच्या मुलांसही ठेविली नाहीत. 1918 मध्ये कामगारांचे प्रतिनिधी असलेल्या समित्याही कारखान्यात स्थापन झाल्या.

आता या चित्रात काळे डाग नव्हते काय? होते. लग्न होताच स्त्री-कामगारास नोकरी सोडावी लागे. वसाहतीत दारूचे दुकान काढण्यास मज्जाव असे. मालकाच्या प्रीतीस मालकाचीच आवडनिवड चिकटलेली असते, तिचा हा नमुना. तरी हे डाग लहान म्हणावयाचे. मोठा डाग वेगळाच आहे.

ज्या कोकोवर हे सारे वैभव उभे होते त्याचा मोठा हिस्सा पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावरून येत असे. तेथील मळ्यांत अंगोलातून आणलेले मजूर कागदोपत्री कराराचे, परंतु वस्तुतः गुलाम होते. 1901 मध्ये विल्यम कॅडबरीच्या कानी ही वार्ता आली. एका मळ्याच्या विक्रीच्या यादीत जमिनीबरोबर माणसांचीही किंमत लावलेली होती. मग लिस्बनला भेट झाली, 1905 मध्ये जोसेफ बर्ट नावाचा गृहस्थ चौकशीस धाडला गेला, 1907 मध्ये त्याचा अहवाल आला, स्वतः विल्यम तिकडे जाऊन आला, आणि अखेर 1909 च्या मार्चमध्ये त्या बेटाचा कोको घेणे बंद झाले. दरम्यान आठ वर्षे लोटली! याच काळात जॉर्ज कॅडबरीच्या मालकीचे डेली न्यूज पत्र दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतील चिनी मजुरांच्या दास्याविरुद्ध रान उठवीत होते. 1908 मध्ये स्टँडर्ड या विरोधी पत्राने ही विसंगती चव्हाट्यावर मांडली. कॅडबरींनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली व ती जिंकलीही. परंतु ज्यूरीने भरपाई ठरविली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा.

त्या फार्दिंगचा अर्थ आम्ही असा लावितो. हे लोक ढोंगी होते असे ज्यूरीस वाटले नाही, आणि आम्हांसही वाटत नाही. ढोंग्यास चौकशी करण्याची गरजच पडत नाही. पण जो मजूर आपल्या खिडकीतून दिसतो त्याच्यावर प्रीती करणे सोपे; समुद्रापलीकडच्याची दया यावयास अहवाल लागतात, आणि अहवाल येईतो माल घेणे चालूच राहते. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. दिवस मावळताना आलेल्या मजुरासही तो पुरते दाम देतो. त्याच गोष्टीवरून रस्किनने आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथाचे नाव घेतले, आणि 1904 मध्ये तो वाचून गांधीजींचे आयुष्य पालटले. परंतु त्या गोष्टीतील धनी स्वतः बाजारात जाऊन मजूर बोलावितो. त्याचा मजूर व तो यांच्यामध्ये दलाल, मळेवाला, जहाजकंपनी व सरकार असे चार जण उभे नाहीत. आजच्या व्यापारात ते उभे आहेत, आणि हाच खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न आज सुटला आहे काय? 2010 मध्ये क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने कॅडबरी विकत घेतली. किन्शॅम येथील कारखाना बंद करण्याचे आधीच्या चालकांनीच 2007 मध्ये ठरविले होते. क्राफ्टने मात्र तो चालू ठेवता येईल असा भरवसा दिला, आणि ताबा मिळताच काही दिवसांत तो फिरविला. तेथील सुमारे 400 लोकांच्या पोटाचा हा प्रश्न होता. तिकडील नियामक मंडळाने कंपनीस उघड ठपका दिला, पण कारखाना गेला तो गेलाच. उलट, जे घर व जी जमीन जॉर्ज कॅडबरीने 1900 मध्ये विश्वस्तांच्या हाती दिली, ती आजही विश्वस्तांच्याच हाती आहे. जे भागांच्या रूपाने बाजारात राहिले ते विकले गेले. जे कायद्याने बांधून दिले ते टिकले. प्रीतीने देणे व हक्क म्हणून बांधून देणे यांतील अंतर याहून स्पष्ट कोणी दाखवावे? आमच्या मुंबईच्या गिरणीमालकांस रविवारची सुटी प्रीतीने सुचली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हा 1890 मध्ये ती मिळाली.

कोकोच्या मळ्यांतील स्थिती तर अजून लाजिरवाणी आहे. मळ्यांतील बालमजुरी थांबविण्याचा करार मोठ्या कंपन्यांनी 2001 मध्ये केला. मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील संशोधकांच्या अहवालाचा अंदाज असा, की घाना व आयव्हरी कोस्ट या दोन देशांत 15 लाख 60 हजार मुले कोकोच्या कामात बालमजुरी करीत होती. 2024 मध्ये कोकोचा भाव टनास 10 हजार डॉलरांवर गेला, पण तेथे शेतकऱ्याचा दर सरकार आगाऊ ठरवीत असल्याने त्या तेजीचा थोडाच अंश त्याच्या पदरी पडला. मालाच्या उगमापर्यंतची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा कायदा युरोपीय संघाने 2024 मध्ये संमत केला, आणि 2025 मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. आठ वर्षे अहवालांची वाट पाहणाऱ्या विल्यम कॅडबरीस आपण नावे ठेवितो, तेव्हा 2001 पासून किती वर्षे झाली हेही मोजावे.

धर्मबुद्धीच्या व्यापाऱ्यांस आमचे मागणे इतकेच आहे. कारखान्याच्या भिंतीवर प्रेमाची वचने लावण्यापूर्वी त्यांनी आपला कच्चा माल कोणाच्या हातून येतो त्यांची यादी दरवर्षी छापावी, त्या हातांस मिळालेला दर तिच्यात लिहावा, आणि ती तपासण्याचा अधिकार मजुरांच्या प्रतिनिधींस लेखी द्यावा.