बुडाला म्हणजे लबाड नव्हे!

मराठी तरुणाने नोकरीचा मोह सोडून धंद्यात पडावे, हा उपदेश व्यासपीठांवरून आजवर उदंड झाला. पण तोच तरुण हात पोळून घरी परतला, की उपदेशकांची तोंडे फिरतात, ठरलेली सोयरीक मोडते आणि ‘दिवाळखोर’ हा शब्द शिवीसारखा त्याला चिकटतो. हा न्याय आम्हांस मान्य नाही. तो आकड्यांच्या कसोटीवरही टिकत नाही.

अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी कार्यालयाकडे १९९४ सालापासून नव्या आस्थापनांची वर्षवार नोंद आहे. शंभरांपैकी सुमारे २० पहिल्याच वर्षी बंद होतात. पाच वर्षांअखेर जवळजवळ निम्म्या उरतात आणि दहा वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश. बंद झालेल्या साऱ्याच बुडालेल्या नसतात, हे खरे. कोणी चालता धंदाही आवरता घेतो. परंतु तेजी येवो वा मंदी, हे प्रमाण फारसे हलत नाही. दरसाल तेवढीच माणसे आळशी किंवा अप्रामाणिक निपजतात, असे कोणता शहाणा म्हणेल?

कारण उघड आहे. नव्या पेढीला गिऱ्हाईक जोडायचे असते, माणसे तयार करायची असतात, परक्यांचा विश्वास मिळवायचा असतो. हे जुळण्यापूर्वीच अनेकांचे भांडवल आटते. समाजशास्त्रज्ञ आर्थर स्टिंचकोम्ब यांनी १९६५ सालीच नवखेपणाचे हे ओझे दाखवून दिले होते. जी पेढी ही पहिली वर्षे तरून जाते, तिचा धोका पुढे कमी होत जातो.

मग हे ओझे एकट्याच्याच माथी का? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्ती व भागीदारी पेढ्यांसाठीही तरतुदी लिहिल्या गेल्या. पण २०१९ साली त्या लागू झाल्या त्या केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरत्या. मुंबईतल्या साध्या दुकानदाराच्या वाट्याला राहिला तो १९०९ चा, इंग्रजी अमदानीतला कायदा! मोठ्यांना संहिता आणि धाकट्यांना बदनामी, ही कोणती समता?

ज्याने फसवले त्याला सरकारने खुशाल तुरुंगात धाडावे; पण ज्याने प्रामाणिकपणे गमावले, त्याला कर्जाचा निवाडा लवकर मिळून पुन्हा उभे राहता आले पाहिजे. मध्यमवर्गीय कुटुंबांनीही हे आकडे ध्यानी धरून राहते घर आणि म्हातारपणाची पुंजी एकाच डावावर लावू नये. आणि उपदेशकांना आमचे सांगणे एवढेच, की ‘धंद्यात पडा’ म्हणणाऱ्यांनी पडलेल्याला हात देण्याचीही तयारी ठेवावी!