‘एकच’ म्हणजे किती?

मद्याचा विषय निघाला की मराठी साहित्यव्यवहाराला दोनच सूर सापडतात. पहिला ‘एकच प्याला’चा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील बुद्धिमान वकील सुधाकर तळीरामाच्या नादाने प्याला ओठी लावतो आणि सिंधूचा संसार धुळीला मिळतो. दुसरा सूर चर्चासत्रांनंतरच्या मैफलींचा : जो अधिक पितो तो अधिक बंडखोर. हे सूर परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. ‘किती?’ हा प्रश्न दोघांनाही निरर्थक वाटतो. एकाला शून्य ठाऊक, दुसऱ्याला अगणित.

घरी कॉकटेल करू पाहणाऱ्याला मात्र हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो. म्हणूनच या उद्योगाला ‘श्रीमंती चोचले’ म्हणून हिणवणाऱ्या व्यासंगी मित्रांशी माझे भांडण आहे. चोचले कोणते? घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, चहाची गाळणी, औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण, एवढी सामग्री पुरते. ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक आणि डबाभर बर्फ. दहा-बारा सेकंद जोराने हलवावे, गाळावे. रमऐवजी फेणी आणि साखरेऐवजी गूळ घेऊन पाहावा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्या लेखी ती अजून विनोदाचाच विषय आहे.

बर्फाचे वितळलेले पाणी ही भेसळ नव्हे, तो घटक आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या केली, तीतही मद्य, साखर आणि कडू अर्कासोबत पाणी आहेच. पाण्याविना पिण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सुधाकराप्रमाणेच डेव्हिड एम्बरी हाही वकील. मद्यव्यवसायाशी संबंध नसलेल्या या अमेरिकन गृहस्थाने १९४८ साली ‘द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स’ हा ग्रंथ लिहिला. आंबट पेयांचे त्याचे सूत्र : मद्य आठ भाग, आंबट दोन, गोड एक. आजच्या जिभेला ते फार कडक वाटते. वर दिलेले प्रमाण त्याहून कितीतरी सौम्य आहे. परंतु सूत्र आहे म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येतो. अंदाजाशी वाद घालता येत नाही.

व्यसनाच्या गर्तेत सापडलेल्याला मापाचा उपदेश करणे हे क्रौर्यच होय. त्याच्यापुरते गडकरीच खरे. सिंधूचे दुःख हा काही वाङ्मयीन अलंकार नव्हे. पण इतरांचे काय? सुधाकराच्या शोकात्मिकेवर उत्कृष्ट उत्तर लिहिलेला माझा एक माजी विद्यार्थी आज पस्तिशीत आहे. दार लावून, स्टीलच्या पेल्यात, तो अंदाजाने ओततो. निषेधाची भाषा आम्ही त्याला शिकवली, मैफलीची भाषा तो आमच्याकडे पाहून शिकला. मापाची भाषा आमच्यापाशीच नव्हती.

शीर्षकातील ‘एकच’ हा शब्द आपण शंभर वर्षे केवळ उपरोध म्हणून शिकवत आलो. तो संख्यावाचकही आहे, हे व्याकरण शिकवणाऱ्यांना तरी मी सांगायला नको होते.