दार बंद होताना

गेल्या रविवारी आमच्याकडे पुन्हा ‘द गॉडफादर’ लागला. कितव्यांदा, ते मोजणं मी केव्हाच सोडलंय. मुलगा पुण्याहून इंदूरला सुट्टीवर आला होता. म्हणाला, “बाबा, तीन तासांचा हा अंधार तुम्ही बघता तरी कसा?”

अंधार आहे खरा. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी डॉनच्या खोलीत उजेड वरून असा सोडलाय, की मार्लन ब्रँडोचे डोळे कधीकधी दिसतच नाहीत. बाहेर मात्र मुलीच्या लग्नाचं लख्ख ऊन!

१९७२ पासून गोळीबाराचे कितीतरी सिनेमे आले नि गेले. हा टिकला, कारण मारियो पुझोच्या कादंबरीतून कोपोलाने एका घराची गोष्ट काढली. टोळीतला क्लेमेंझा मायकेलला वीस माणसांचा स्वयंपाक शिकवतो: तेलात लसूण, मग टोमॅटो, थोडी वाइन आणि किंचित साखर. (साखरेला आपण इंदूरकर काय नावं ठेवणार!) खुनी माणसं आपल्याला अशीच आवडू लागतात. हे काही बरं नव्हे, पण होतं खरं.

माझा जीव अडकतो तो दवाखान्याच्या प्रसंगात. पहारा काढून घेतलेला, वडील एकटे. मायकेल त्यांच्या कानाशी वाकतो, मी आहे म्हणतो. धंद्यात नको असलेला मुलगा तिथेच धंद्यात येतो. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी भोपाळला नोकरीत होतो. मी छापखान्यात यावं, हे त्यांना कधीच नको होतं. एक रात्र त्यांच्या उशाशी बसलो. सकाळी छापखान्याच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. पुढे बागेत डॉन मुलाला मनातलं सांगतो, तुझ्यासाठी हे नको होतं म्हणतो. आमच्याकडे तेही झालं नाही. वडिलांची वाचाच गेली होती.

“तुम्ही बापलेक बागेपर्यंतच बघता,” सौ. म्हणाली. “मी शेवटासाठी थांबते.”

शेवटी के नवऱ्याला विचारते, बहिणीच्या नवऱ्याला तू मारलंस का? मायकेल नाही म्हणतो. ती सुटकेचा श्वास टाकते आणि मग तिच्या तोंडावर दार लागतं.

सौ. माझ्याकडे बघत होती. ऑफसेट मशीनसाठी घर गहाण टाकलंत का, असं तिने एकदा विचारलं होतं. मीही तसंच, डोळ्यांत बघून नाही म्हणालो होतो. तिला कळलं ते बँकेच्या नोटिशीवरून.

“काय झालं?” मुलाने विचारलं.

“बाबांनाच विचार,” म्हणत ती चहा टाकायला उठली.

मी त्याला सगळं सांगितलं. कर्ज फिटून आता नऊ वर्षं झालीत.