बियाण्याचा बाजार आणि दवाखान्याचे बिल

आरोग्यसेवा शासनाने पुरवावी की खुल्या बाजारावर सोपवावी, हा वाद आता अर्थशास्त्राच्या वर्गापुरता राहिलेला नाही. भोकरदन, मंठा किंवा परतूर तालुक्यातील एखाद्या घरात कर्त्या माणसाच्या छातीत कळ येते, त्याला आधी जालन्याला आणि तेथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा खाजगी दवाखान्यात हलवावे लागते, आणि काही तासांतच त्या कुटुंबाला या वादाचे उत्तर रोख रकमेत द्यावे लागते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम बाजाराच्या बाजूने जे न्याय्य आहे ते मान्य केले पाहिजे. जालनेकरांना ते जड जाऊ नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर संकरित बियाण्यांची देशातील एक प्रमुख पेठ बनले. शासकीय संशोधनाचा आधार होता, परंतु ते बांधापर्यंत पोहोचवले ते उद्यमशीलतेने. उलटपक्षी, १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्याला राज्यात दुसरा ग्राहकच उरला नव्हता. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यासाठी बाजाराचे स्वातंत्र्य मागितले ते अशाच अनुभवांतून. आरोग्याच्या क्षेत्रातही ज्या सरकारी केंद्रात डॉक्टर जागेवर नसतो, तेथे ‘मोफत’ हा शब्द पोकळ ठरतो. मध्यरात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा खाजगीच असतो, हेही नाकारता येत नाही.

तथापि बियाणे आणि औषधोपचार यांत एक मूलभूत भेद आहे. एखादे वाण वाईट निघाले तर शेतकऱ्याचे नुकसान होते, पण पुढच्या हंगामात तो वाण बदलतो, दुकान बदलतो, शेजाऱ्याचे पीक पाहून निर्णय घेतो. स्ट्रेचरवरील रुग्णाला पुढचा हंगाम नसतो. तो दोन दवाखान्यांतील दरांची तुलना करू शकत नाही. शिवाय कोणता उपचार आवश्यक आहे हे ग्राहकाने नव्हे, तर विकणाऱ्यानेच ठरवायचे असते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हाच मुद्दा मांडला होता. रुग्ण आणि डॉक्टर यांच्या माहितीत एवढे अंतर असते की, केवळ स्पर्धेने तेथे न्याय होत नाही.

याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे म्हणता येणार नाही. परंतु मजुरीचा खाडा टाळण्याची निकड, कर्करोगाची भीती आणि दुसरे मत विचारण्याची सोय नसणे या गोष्टी एकत्र आल्या की, ‘ग्राहकाची निवड’ किती नाममात्र उरते ते येथे दिसून येते. आपल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात, हे विसरता कामा नये.

मग मार्ग कोणता? शासन पैसे देईल आणि सरकारी किंवा खाजगी रुग्णालय उपचार करील, असा मधला मार्ग महाराष्ट्राने स्वीकारला. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ साली राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२३ साली राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. बाजारवाद्यांचे निवडीचे तत्त्व आणि शासनाची जबाबदारी यांचा मेळ येथे आहे. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, साधा ताप, तपासण्या यांचा खर्च बहुतांशी खिशातूनच जातो. आणि ज्या तालुक्यात योजनेतील रुग्णालयच नाही, तेथे कार्ड हाती असूनही निवड कशाची करावयाची?

दराचा प्रश्नही आहेच. २०२० च्या मे महिन्यात, जालना जिल्ह्यातीलच राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना, राज्य शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कमाल दर ठरवून दिले. साध्या कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागासाठी ९,००० रुपये. कायमची दरबंदी आली तर लहान गावातील दवाखाने बंद पडतील, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण दर आधी जाहीर करावेत, या मागणीला बाजाराचा खरा पुरस्कर्ता कसा विरोध करील? किंमत ठाऊक नसेल तर तो बाजारच नव्हे. २०२१ साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण बाजाराची वैरी नाही. १९९१ च्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुक्त बाजाराची कार्यक्षमता मान्य केली आणि त्याच वेळी बजावले की, मानवाच्या अनेक गरजांना बाजारात स्थान मिळत नाही. शुभवर्तमानातील चांगला शोमरोनी आठवावा. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. उतारशाळा चालवणाऱ्याला त्याचे दाम मिळाले, परंतु ते वाटेवर पडलेल्या माणसाकडून वसूल झाले नाहीत.

२०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आशेची बाब आहे. पण तेथील डॉक्टर तालुक्यांपर्यंत पोहोचतात की नाही, याकडे आपणच लक्ष ठेवावयास हवे. आमची वाचकांना विनंती आहे की, दवाखान्यात दरपत्रक मागावे, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे आणि धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी गावातील निरक्षर कुटुंबांची, मग ती कोणत्याही धर्माची असोत, आरोग्य कार्डे काढून द्यावीत. सातबारा गहाण पडण्यापूर्वी हे झाले, तरच त्याचा उपयोग.