सायकल दिली, आता रस्ता द्या

छत्तीसगड सरकार नववीत गेलेल्या मुलीला सायकल देते. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींसाठीची सरस्वती सायकल योजना 2004 पासून चालू आहे. सरकारे बदलली, ती टिकली. बिहारची गाजलेली योजना त्यानंतरची, 2006ची. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. तेव्हा सायकलीवरचा पैसा वाया जातो, असे कोणी म्हणणार नाही. मात्र ही सायकल रायपुरात चालवायची कुठे?

जीई रोडवर सकाळी ट्रक, सिटी बस आणि ई-रिक्षांच्या गर्दीत सायकलवाल्या मुलीला जागा उरते ती गटाराच्या कडेची. मराठी वस्तीची जुनी खूण असलेल्या तात्यापाऱ्यापासून शारदा चौकापर्यंतचा रस्ता रुंद करण्याच्या गप्पा शहर वर्षानुवर्षे ऐकत आहे. पण तो रुंद झाल्यावर त्यातले किती फूट दप्तरवाल्यांना मिळणार, हे कोणी विचारत नाही. चालण्याची चांगली सोय आहे ती तेलीबांधा तलावाकाठी, म्हणजे हवा खायला जाणाऱ्यांसाठी. सायकल ट्रॅक आहेत ते नवा रायपूरमध्ये, जिथे मुलेच मोजकी!

पादचाऱ्यांसाठी या शहराने काही केलेच नाही, असे मात्र नाही. शास्त्री चौकात 2017 मध्ये स्कायवॉकचे काम सुरू झाले. 2018च्या अखेरीस सत्ता बदलली आणि कोट्यवधींचा तो लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे तसाच लटकत राहिला. आता विष्णुदेव साय सरकारने काम पुन्हा हाती घेतले आहे. आम्हाला या विलंबापेक्षा स्कायवॉकमागचा विचार अधिक खटकतो. गाड्यांचा वेग अबाधित राहावा म्हणून माणसाने जिने चढावेत, हा तो विचार. आठ वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडायला पूल लागत नाही, गाड्या हळू याव्या लागतात.

याउलट, अमेरिकेने 2005 च्या कायद्याने शाळेच्या वाटांसाठी पाच वर्षांना 61.2 कोटी डॉलरचे स्वतंत्र अनुदान ठेवले. बहुतेक पैसा शाळेभोवतीच्या सुमारे तीन किलोमीटरच्या टापूत पदपथ, क्रॉसिंग, वेग रोखणारी बांधकामे यांवर खर्चायचा होता. उरलेला 10 ते 30 टक्के पैसा मुलांना शिकवणे आणि पोलीस बंदोबस्त यांसाठी होता. न्यूयॉर्क शहरात ज्या भागांत ही कामे झाली, तिथे शाळेत ये-जा करण्याच्या वेळेत शाळकरी वयाच्या पादचाऱ्यांना इजा होण्याचे प्रमाण 44 टक्क्यांनी घटल्याचे 2013 च्या अभ्यासात आढळले. श्रीमंत देशाची चैन म्हणून हे बाजूला सारता येईल. पण त्यातली बहुतेक कामे चुना, सिमेंट आणि चार फलकांची आहेत. खरी किंमत आहे ती पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, या अटीला.

आपल्याकडे तशी अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क मानला. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. तरीही शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ता नेमका कोणाच्या खात्यात? शिक्षण विभाग म्हणतो महापालिका, महापालिका म्हणते बांधकाम विभाग, आणि वाहतूक पोलीस अपघात झाल्यावर येतात. त्यात राज्य सरकारने 2025 मध्ये केलेल्या शाळांच्या फेररचनेत, म्हणजे ‘युक्तियुक्तकरणा’त, काही शाळा शेजारच्या शाळांत विलीन झाल्या. तिथल्या मुलांची वाट वाढली, त्या वाढलेल्या वाटेसाठी वेगळी तरतूद कुठे दिसत नाही. मग पालक घाबरून अल्पवयीन पोराच्या हाती स्कूटी देतात आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली 25,000 रुपयांच्या दंडाची जोखीम पत्करतात. ती चूक आहेच, पण सायकल सुरक्षित असती तर हे धाडस बरेच कमी झाले असते.

आमची मागणी साधी आहे. येत्या अर्थसंकल्पात शाळेच्या वाटेसाठी वेगळे लेखाशीर्ष हवे, आणि मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडून यावी. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, धोक्याचे वळण त्यांना कोणत्याही सल्लागारापेक्षा चांगले ठाऊक असते. तिल्दाकडच्या चुनखडीच्या पट्ट्यात मुले खाणीच्या ट्रकांच्या धुळीतून शाळा गाठतात. तिथे जिल्हा खनिज निधी वापरावा. या निधीचे छत्तीसगडमध्ये काय काय झाले, याचा तपास ईडी करतेच आहे, म्हणून प्रत्येक कामाचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लावावा. एप्रिलच्या उन्हात दुपारी परतणाऱ्या पोरांसाठी पदपथावर झाडे लावणे हाही याच खर्चाचा भाग मानावा, सुशोभीकरणाचा नव्हे.

पहिल्या वर्षी रायपूर महापालिकेच्या 70 प्रभागांतल्या सरकारी शाळा घ्याव्यात. फाटकापासून दोन्ही बाजूंना तीनशे मीटर वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर, उंचावलेले क्रॉसिंग आणि हातगाड्यांना बाजूला ठरलेली जागा, एवढेच. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे व्हायचे तर निविदा मार्चमध्ये निघायला हव्यात.