पडद्यावरचे चित्र आणि पारावरचे मत

कुकडी नदीच्या काठी वसलेले जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे गाव पुरातत्त्वज्ञांना चांगले परिचित आहे. नदीकाठच्या थरांत सापडलेली ज्वालामुखीची राख आणि पुराश्मयुगीन दगडी अवजारे यांमुळे त्याचे नाव विद्वानांच्या चर्चेत गेले. सहस्रावधी वर्षांपूर्वी तेथील माणूस कोणते हत्यार वापरीत होता याचा शोध घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच गावातील आजच्या माणसाने पाहिलेल्या चित्रपटांविषयी त्याचे मत काय, हे विचारण्याची व टिपून ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. चित्रपटाचे मूल्यमापन शहरात व्हावे आणि गावाने फक्त तिकीट काढावे, अशी विभागणी आपण नकळत स्वीकारली आहे.

वास्तविक ग्रामीण प्रेक्षक मुका कधीच नव्हता. जत्रेच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू उभा राही, कर्ण्यावरून पुकारा होई आणि खेळ सुटल्यावर घरी परतणाऱ्या घोळक्यात चर्चा रंगे. ती दुसऱ्या दिवशी पारावर, सलूनमध्ये आणि एस.टी.च्या थांब्यावर चालू राही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा गौरव व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली झाला, पण त्या चित्रपटाला दीर्घायुष्य दिले ते वारकरी मनाच्या सामान्य प्रेक्षकाने. त्याने या चित्रपटावर परीक्षण लिहिले नाही. त्याने तो पुन्हा पाहिला आणि शेजाऱ्याला पाहावयास लावला.

जुन्नरच्या प्रेक्षकाचा अधिकार तर आणखी एका कारणाने मोठा आहे. जवळचे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम आला की तेथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी ठरविण्यासाठी येतात. ज्यांनी खरा फड डोळ्यांनी पाहिला, त्यांच्यापुढे मराठी तमाशापट नेहमीच परीक्षेला बसले. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. १९७२च्या ‘पिंजरा’त एका आदर्श शिक्षकाचा तमाशाच्या नादाने अधःपात होतो. शहरातील शिक्षकाला ती नीतीची शोकांतिका वाटते. पण फडावर पोट असणाऱ्या कुटुंबाने ती कथा कशी पाहावी? त्याच नारायणगावच्या विठाबाईंना १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. २००२ साली त्या निवर्तल्या, त्या मात्र आर्थिक विवंचनेत. पडद्यावरील तमासगिरीण आणि राहुटीतील तमासगिरीण यांतील हे अंतर जुन्नरच्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. ते त्याने सांगितले असते, तर मराठी चित्रपटसमीक्षा निश्चितच अधिक समृद्ध झाली असती.

अर्थात, पाराचे गुणगान करताना त्याची मर्यादा झाकून चालणार नाही. पार हा पुरुषांचा. तंबूत स्त्रियांची बसण्याची जागा बहुधा वेगळी असे, आणि चर्चेत तर त्यांना जागाच नसे. एप्रिल २०१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने हे प्रकर्षाने दाखवून दिले. जातीबाहेर प्रेम करणारी, ट्रॅक्टर आणि बुलेट चालविणारी पाटलाची मुलगी आणि अखेरीस तिच्याच माणसांनी केलेली हत्या, या कथेने महाराष्ट्र ढवळून निघाला. कोणी ती समाजाच्या तोंडापुढे धरलेला आरसा मानली, कोणी तिच्यावर पोरे बिघडविल्याचा ठपका ठेवला. चित्रपटावरील मत हे येथे जातीवरील मत होते. परंतु आर्चीच्या वयाच्या मुलींना काय वाटले? ज्यांच्या निवडीचा प्रश्न होता, त्यांनाच बोलण्यास जागा नव्हती. जे मत बोलता येत नाही ते नाहीसे होत नाही. ते घरातच कुजत राहते, आणि कधी त्याची किंमत फार मोठी मोजावी लागते.

आता तंबू जवळजवळ उठला आहे आणि चित्रपट हातातील मोबाईलवर आला आहे. बिबट्याच्या भीतीने रात्री उसाच्या कडेने न फिरणाऱ्या गावकऱ्यालाही घरबसल्या जगभरचा चित्रपट दिसतो. त्याला चार शब्द लिहून आपले मत जाहीरही करता येते. ही सोय लहान नव्हे; पारावर बसू न शकणाऱ्या मुलीलाही तिने वाचा दिली आहे. तथापि या सोयीबरोबर एक विपरीत सवयही आली. चित्रपट येण्याआधीच झलक पाहून त्याचा निकाल लावला जातो. नायकाच्या नावाने दोन तट पडतात. गल्ला किती कोटींचा झाला हाच श्रेष्ठतेचा पुरावा ठरतो. मत पाहण्याच्या आधी तयार असेल, तर ते मत नव्हे, ती निष्ठा होय. निष्ठेला प्रश्न विचारता येत नाहीत. पारावर विरुद्ध मताचा माणूस समोर बसलेला असे. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बैलगाडीची गरज पडणार असे. त्यामुळे वाद तुटेपर्यंत ताणला जात नसे.

यावर उपाय अगदीच नवा नाही. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिल्म सोसायटी काढली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. या चळवळीने चित्रपट पाहून त्यावर शिस्तीने बोलावयास शिकविले. ती मुख्यत्वे शहरातच राहिली, हे तिचे अपुरेपण. आज अनेक गावांच्या शाळांत पडदा आणि प्रक्षेपक आहेत. रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एक चित्रपट दाखवावा, त्यानंतर तासभर चर्चा व्हावी, पहिल्याने मुलींनी व स्त्रियांनी बोलावे, आणि प्रत्येकाचे मत ग्रंथालयातील एका वहीत उतरावे, एवढे शिक्षकाला आणि ग्रंथपालाला सहज करता येण्यासारखे आहे. ‘आवडला’ एवढे म्हणून कोणी थांबू नये. का आवडला, हे सांगावे.

मतस्वातंत्र्याची सवय निवडणुकीच्या दिवशी अकस्मात लागत नाही. शेजाऱ्याचे विरुद्ध मत शेवटपर्यंत ऐकून घेणे आणि आपले मत कारणासह मांडणे, हा अभ्यास एखाद्या साध्या चित्रपटापासूनही सुरू होऊ शकतो. बोरी बुद्रुकच्या मातीने प्राचीन माणसाचे अवजार जपून ठेवले. आजच्या माणसाचा विचार जपण्यासाठी चाळीस पानी वहीसुद्धा पुरेल.