खासदारांचा निर्देशांक आणि वृद्धांचे दोनशे रुपये

उज्जैनजवळचे भैरवगढ काळभैरवाच्या देवळासाठी जसे ख्यात, तसे बाटिकच्या छपाईसाठीही. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढणाऱ्या तेथील असंघटित कारागिराचा हात थकला की त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. तो दारिद्र्यरेषेखाली असेल तर सरकारी वृद्धत्ववेतन तेवढे मिळावयाचे. राज्य त्यात आपली भर घालते हे खरे. परंतु केंद्राचा वाटा २००७ पासून दरमहा २०० रुपयांवरच खिळलेला आहे. ऐंशी वर्षे जगून दाखविल्यास तो ५०० होतो!

संघटित वृद्धांचीही दैना संपलेली नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम तीन हजार करावी, असे राज्यसभेच्या कोश्यारी समितीने २०१३ मध्ये सुचविले. २०१४ मध्ये मिळाले एक हजार. त्यासाठी बुलढाण्यात वृद्ध उपोषणास बसले, दिल्लीत त्यांनी खासदारांचे उंबरठे झिजविले. त्यांच्यामागे निदान संघटना आहे. भैरवगढच्या कारागिराचे गाऱ्हाणे दिल्लीत कोणी न्यावे?

खासदारांनी स्वतःचे वेतन मात्र २०१८ साली महागाई निर्देशांकाशी जोडून घेतले. २०२५ मध्ये ते एक लाख चोवीस हजारांवर गेले, तर माजी खासदारांचे किमान निवृत्तिवेतन एकतीस हजारांवर. तोच निर्देशांक वृद्धत्ववेतनालाही लावावा, ही मागणी मध्य प्रदेश व महाराष्ट्राच्या खासदारांनी येत्या अर्थसंकल्पापूर्वी एकत्र मांडावयास हरकत नसावी.